लिलावातील घर आणि ताब्याचा तिढा

जालना - वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टंकात छापल्या जाणाऱ्या 'स्थावर मालमत्ता विक्रीची जाहीर सूचना' या चौकटीकडे पूर्वी वाचकांचे फारसे लक्ष जात नसे. थकबाकीदाराचे नाव ओळखीचे आहे का, एवढे पाहून पान उलटले जाई. अलीकडे मात्र या चौकटी काळजीपूर्वक वाचणारा एक वर्ग तयार झाला आहे. त्याला थकबाकीदाराच्या नावात रस नसतो. गट क्रमांक, क्षेत्रफळ आणि राखीव किंमत एवढे तपशील तो पाहतो आणि चौकटीतील बाकीचा मजकूर बहुधा वाचत नाही. अडचणीची सुरुवात नेमकी त्या न वाचलेल्या मजकुरातून होते.

या वर्गाच्या वाढीची कारणे उघड आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जालना त्या मार्गावर आले. २०२३ मध्ये जालना नगर परिषदेची महानगरपालिका झाली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला जालना-मुंबई वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाली. ती २०२५ मध्ये पुढे नांदेडपर्यंत नेण्यात आली. रस्ता, रेल्वे आणि महापालिका या तीन गोष्टी एकत्र आल्यावर जमिनीचे दलाल काय भाव सांगू लागतात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. शिक्षक, लिपिक, बियाणे कंपनीतील वा पोलाद कारखान्यातील नोकरदार आणि लहान व्यापारी यांना अंबड रस्त्यावरील वा मंठा रस्त्यावरील तयार घर हाताबाहेर गेल्यासारखे वाटू लागते, तेव्हा बँकेच्या लिलावातील घर हा जवळचा मार्ग दिसतो. 'बँकेकडून घ्यायचे, म्हणजे कागदपत्रे पक्की असणार', ही त्यामागील श्रद्धा. या श्रद्धेला कायद्याचा आधार फारच थोडा आहे.

मालकी कोणाची?

अमेरिकेत २००८ च्या सुमारास गृहकर्जे बुडाली, तेव्हा लिलावात गिऱ्हाईक न मिळालेली हजारो घरे बँकांनी स्वतःच्या नावावर घेतली आणि नंतर मालक म्हणून विकली. 'बँकेच्या मालकीचे घर' ही कल्पना तिकडून आलेली आहे. आपल्याकडे बँक सहसा घराची मालक होत नाही. बँकिंग नियमन कायद्याने स्वतःच्या वापराव्यतिरिक्त स्थावर मालमत्ता सात वर्षांहून अधिक काळ बाळगण्यास बँकांना मनाई केली आहे आणि बँकांनाही घरे सांभाळण्याची हौस नाही. लिलावाच्या दिवसापर्यंत घर कर्जदाराचेच असते. बँक केवळ गहाणदार या नात्याने ते विकते. त्यामुळे खरेदीदाराला मिळते ती कर्जदाराची मालकी, तिच्यातील सर्व गुणदोषांसह. कर्जदाराच्या हक्कात जे न्यून होते, ते बँकेच्या शिक्क्याने भरून निघत नाही.

हा सारा व्यवहार ज्या कायद्यावर उभा आहे, तो २००२ चा. वित्तीय मालमत्तांचे प्रतिभूतीकरण आणि तारणहक्काच्या अंमलबजावणीचा हा कायदा 'सर्फेसी' या नावाने ओळखला जातो. त्यापूर्वी तारण विकण्यासाठी बँकेला न्यायालयाची पायरी चढावी लागे आणि पिढी उलटली तरी निकाल लागत नसे. नव्या कायद्याने बँकेला स्वतःच कारवाई करण्याचा अधिकार दिला. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. मग साठ दिवसांची मागणी नोटीस, त्यानंतर ताबा, मूल्यांकन, तीस दिवसांची विक्री सूचना आणि लिलाव असा हा क्रम आहे. मार्डिया केमिकल्स प्रकरणात ८ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. मात्र दाद मागण्यासाठी कर्जदाराने आधी ७५ टक्के रक्कम भरावी, ही जाचक अट रद्द केली. कर्जदाराला कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांच्या आत अर्ज करता येतो. जालन्यासाठी हे न्यायाधिकरण छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

नागरी सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूड येथील विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो मिटविला. सहकारी बँकाही या कायद्याखाली तारण विकू शकतात, असा निर्वाळा त्या पीठाने दिला. ज्या जिल्ह्यात कर्जव्यवहाराचा मोठा भाग सहकारी संस्थांतून होतो, तेथे या निकालाचे महत्त्व राष्ट्रीयीकृत बँकांच्या प्रकरणांहून अधिक आहे.

सांकेतिक ताबा

लिलावाच्या सूचनेत 'ताबा' या शब्दापुढे दोनपैकी एक विशेषण असते: 'प्रत्यक्ष' किंवा 'सांकेतिक'. सूचनेतील हा एक शब्द राखीव किमतीच्या आकड्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

प्रत्यक्ष ताबा म्हणजे घर रिकामे असून बँकेचे कुलूप लागलेले आहे. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने दारावर नोटीस चिकटविली, दोन वर्तमानपत्रांत ती छापली आणि तो निघून आला. घरात कर्जदाराचे कुटुंब पूर्वीप्रमाणेच राहत असते. चूल पेटते, मुले शाळेत जातात. लिलावात बोली लावणारा नोकरदार घराची पाहणी करायला जातो तेव्हा त्याला बहुधा रस्त्यावरूनच घर पाहावे लागते. दार उघडण्याचे बंधन आतल्या कुटुंबावर नसते आणि उघडले तरी काय बोलावे, हे दोघांनाही सुचत नाही.

अशा घराची विक्री कायदेशीर आहे का? आहे. त्याचा दाखला गोव्यातील एका पंचतारांकित हॉटेलने घालून दिला. दक्षिण गोव्यातील आरोशी येथील हे हॉटेल आयएफसीआय या वित्तसंस्थेने फेब्रुवारी २०१५ मध्ये लिलावात काढले आणि आयटीसी कंपनीने ते ५१५ कोटी ४४ लाख रुपयांना घेतले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विक्री रद्द ठरविली. अखेर १९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सांकेतिक ताब्याच्या आधारे विक्री होऊ शकते आणि विक्रीनंतरही प्रत्यक्ष ताब्यासाठी धनको संस्था दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. आयटीसीसारख्या कंपनीला पैसे भरून तीन वर्षे थांबणे परवडते. घरभाडे आणि नव्या कर्जाचा हप्ता एकाच महिन्यात भरणाऱ्या कुटुंबाला ते परवडत नाही.

प्रत्यक्ष ताब्याचा मार्ग कायद्याच्या कलम १४ मधून जातो. बँकेने जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी यांच्याकडे शपथपत्रासह अर्ज करावयाचा, त्यांनी तीस दिवसांत, फार तर साठ दिवसांत आदेश द्यावयाचा आणि मग महसूल यंत्रणेने पोलिसांच्या मदतीने घर रिकामे करून द्यावयाचे, अशी ही रचना आहे. साठ दिवसांची मुदत ओलांडली तरी जिल्हाधिकाऱ्यांचा अधिकार संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सी. ब्राइट प्रकरणात म्हटले आहे. प्रशासनाच्या दृष्टीने ते व्यवहार्य असेल. वाट पाहणाऱ्याला मात्र तारीख सांगता येत नाही. आदेश निघाल्यावरही निवडणूक, सण, पावसाळा, बंदोबस्ताची उपलब्धता अशा कारणांनी ताब्याची तारीख पुढे जाऊ शकते.

येथे या व्यवस्थेतील सर्वांत मोठी विसंगती आहे. कलम १४ खालील अर्ज फक्त बँकच करू शकते, खरेदीदार नव्हे. लिलावाची संपूर्ण रक्कम मिळाल्यानंतर बँकेचे खाते बंद झालेले असते. वसुलीचे उद्दिष्ट पूर्ण झाले, शाखेचा ताळेबंद सुधारला. आता ताब्यासाठी कचेरीत खेटे घालण्याची तिची निकड संपते आणि ज्याला निकड आहे, त्याला अर्जाचा अधिकार नसतो. सांकेतिक ताब्यातील घर स्वस्त का दिसते, याचे उत्तर येथे सापडते. ती स्वस्ताई बँक देत असलेली सवलत नसून बँकेने न केलेल्या कामाची ती वजावट आहे. ते काम किती महिन्यांचे आणि किती खर्चाचे, हे बोली लावणाऱ्याला अंदाजानेच ठरवावे लागते.

घरात भाडेकरू असला तर आणखी एक पदर वाढतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आणि सर्फेसी कायदा यांतील वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४, २०१६ आणि २०१९ असा तीनदा गेला आणि तिन्ही प्रकरणांचा उगम मुंबईत होता. गहाणखतापूर्वीपासून राहणारा, नोंदणीकृत करार असलेला भाडेकरू सहज हलत नाही. नुसता तोंडी करार सांगणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो आणि त्याचे संरक्षण मर्यादित राहते, असा त्यांचा स्थूल आशय आहे. लिलाव जवळ आल्यावर अचानक 'उगवणारे' भाडेकरू हा प्रकार न्यायालयांनाही अपरिचित नाही.

मराठवाड्यातील जमीन, मराठवाड्यातील कागद

पुण्या-मुंबईत लिलावाला येते ती बहुधा सदनिका. जालना, बदनापूर, परतूर वा भोकरदन येथे येते ते स्वतंत्र घर किंवा भूखंडावरचे बांधकाम, आणि त्याखालच्या जमिनीला इतिहास असतो.

सर्फेसी कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमिनीवरील तारण या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. शहराच्या कडेला सातबाऱ्यावर शेती, प्रत्यक्षात घरांची रांग, असे चित्र प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसते. अकृषिक आदेश नसलेल्या भूखंडावरील घर लिलावात निघाले, तर 'ही शेतजमीन आहे, विक्री बेकायदा आहे' असा बचाव कर्जदार हमखास घेतो. केवळ कागदोपत्री शेती असणे पुरेसे नाही, प्रत्यक्ष वापरही शेतीचाच असला पाहिजे, असा न्यायालयांचा कल आहे. गोव्याच्या हॉटेलचा काही भागही कागदोपत्री शेतजमीन होता, तरीही विक्री टिकली. पण तो बचाव फेटाळला जाईपर्यंत खरेदीदाराची वर्षे जातात, हे नजरेआड करून चालणार नाही. गुंठेवारीतील घरांची गत अशीच आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालील मुदत २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय झाली. तरीही नियमितीकरणाचे प्रमाणपत्र आहे की नुसता अर्ज केल्याची पावती आहे, हे ज्याचे त्याने तपासावे लागते.

त्याहून जुना प्रश्न निजामकाळाचा. हैदराबाद संस्थानातील इनामे, देवस्थानाच्या जमिनी, वक्फ मालमत्ता आणि कुळकायद्याने मिळालेल्या जमिनी यांपैकी बऱ्याच आजही 'भोगवटादार वर्ग २' या शिक्क्याखाली आहेत वा त्यांच्या हस्तांतरणावर निर्बंध आहेत. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झालेली जुनी विक्री, तिच्यावर पडलेले भूखंड, त्यावर बांधलेले घर आणि त्या घरावर दिलेले कर्ज, अशी साखळी असेल तर लिलावातील खरेदीदार तिची शेवटची कडी ठरतो. पहिली कडी तुटली की धक्का त्याला बसतो. जुन्या जालन्यातील नगर भूमापन हद्दीत सातबारा नसतो. तेथे मालमत्ता पत्रक पाहावे लागते. गावठाणातील घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखविला जातो. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

मग वाटण्या. वडिलोपार्जित घर एका भावाने गहाण ठेवले, बहिणींचे हक्कसोडपत्र झालेले नाही, असे प्रसंग विरळ नाहीत. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मसिद्ध वाटा मिळाला. कर्ज देताना बँकेच्या वकिलाने त्याकडे काणाडोळा केला असेल, तर बहिणीचा दावा विक्रीनंतरही उभा राहतो. सर्फेसी कायद्यात दिवाणी न्यायालयाला मज्जाव आहे, त्यामुळे हा धोका नाही, असे पूर्वी सांगितले जाई. सेंट्रल बँक विरुद्ध प्रभा जैन या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो समज दूर केला. मालकीचा निर्णय करण्याचा अधिकार कर्जवसुली न्यायाधिकरणाला नाही. कर्जाशी संबंध नसलेली तिऱ्हाईत व्यक्ती आपल्या हक्कासाठी दिवाणी न्यायालयात जाऊ शकते, असे त्या निकालाचे सार आहे.

'माहीत नाही'

विक्री सूचनेत मालमत्तेवरील बोजांची माहिती द्यावी, असे २००२ चे तारणहक्क नियम सांगतात. मात्र त्यात एक पळवाट आहे. धनको संस्थेला 'ज्ञात असलेले' बोजे द्यावेत, अशी शब्दयोजना आहे. त्यामुळे बहुतेक सूचनांत त्या रकान्यात 'माहीत नाही' किंवा 'निरंक' एवढेच छापलेले आढळते. खाली 'जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे आणि जे काही आहे' या तत्त्वावर विक्री होईल, असे वाक्य असते. या एका वाक्याने बँक जवळपास सर्व जबाबदारीतून मोकळी होते.

हे 'माहीत नाही' पटण्यासारखे नाही. कर्ज मंजूर करताना याच बँकेने आपल्या यादीवरील वकिलाकडून मालकीचा शोध अहवाल घेतलेला असतो. बहुधा तीस वर्षांच्या नोंदी त्यात तपासलेल्या असतात. मूल्यांकनकाराचा अहवाल असतो. तो लिलावापूर्वी नव्याने घ्यावाच लागतो. कर्जदाराच्या हरकतींना उत्तर देताना कोणता वाद आहे, हे बँकेला लेखी कळलेले असते. एवढे सगळे दप्तरात असताना खरेदीदाराने पुन्हा शून्यापासून शोध घ्यावा, आणि तोही तीस दिवसांत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. शोध अहवाल आणि मूल्यांकन अहवाल सूचनेसोबत प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले, तर बँकेचा एक रुपयाही खर्च वाढणार नाही. उलट चांगल्या कागदांच्या घराला चांगली बोली मिळेल.

थकीत देण्यांबाबतही हेच. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सदनिका असेल तर सोसायटीची वर्गणी, ही सारी बहुधा खरेदीदाराच्या माथी येतात. विजेच्या थकबाकीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान प्रकरणात निकाली काढला. 'जसे आहे जेथे आहे' अटीवर घेतलेल्या जागेला नवी जोडणी देताना, नियमांत तरतूद असेल तर वीज कंपनी जुनी बाकी मागू शकते. घरावर अन्य संस्थेचे कर्ज आहे का, हे २०११ पासून सुरू असलेल्या केंद्रीय तारण नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर अल्प शुल्क भरून पाहता येते. राज्य शासनाच्या करबाकीपेक्षा, तेथे नोंद केलेल्या बँकेचे येणे वरचढ ठरते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले आहे. मुद्रांक शुल्क कोणत्या किमतीवर लागेल, हे दुय्यम निबंधक कार्यालयात बोलीपूर्वीच विचारलेले बरे.

पंधरा दिवसांची मुदत

पैसे भरण्याचे वेळापत्रक कडक आहे. बोलीपूर्वी इसारा रक्कम, सामान्यतः राखीव किमतीच्या दहा टक्के. बोली मान्य झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, इसारा धरून एकूण २५ टक्के. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी संमतीने ही मुदत वाढू शकते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. समजा, वीस लाखांना घर सुटले, तर पाच लाख चोवीस तासांत आणि पंधरा लाख पंधरवड्यात हवेत. दुसऱ्या बँकेचे गृहकर्ज घेऊन ही रक्कम उभी करू, असा बेत करणाऱ्यांची येथे फसगत होते. कारण ती बँक विक्री प्रमाणपत्र मागते आणि ते संपूर्ण रक्कम भरल्याशिवाय मिळत नाही. कर्जाची तत्त्वतः मंजुरी हाती नसताना बोली लावणे धोक्याचे आहे.

मुदत चुकली तर २५ टक्के जप्त होतात. बँकेचे प्रत्यक्षात काही नुकसान झाले नाही, असे म्हणून सुटका होत नाही. सेंट्रल बँक विरुद्ध षण्मुगवेलू प्रकरणात उच्च न्यायालयाने जप्तीच्या रकमेला कात्री लावली होती. फेरलिलावात बँकेला अधिक किंमतही मिळाली होती. तरीही २ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण जप्ती वैध ठरविली.

एका बाबतीत मात्र खरेदीदाराची बाजू अलीकडे भक्कम झाली आहे. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत कर्जदार पैसे भरून घर सोडवू शकत असे. १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहिला. नवी मुंबईतील एका औद्योगिक भूखंडाच्या लिलावात सेलिर कंपनीने १०५ कोटींची बोली जिंकली होती. नंतर कर्जदार बाफना मोटर्सने १२९ कोटी देऊ केले आणि उच्च न्यायालयाने ते मान्य केले. २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवून मालमत्ता लिलावातील खरेदीदाराला दिली. कर्जदारांच्या दृष्टीने हा निकाल कठोर आहे. नोटिशी न समजलेल्या, किंवा समजूनही 'बघू' म्हणत राहिलेल्या कुटुंबाचा घर सोडविण्याचा हक्क वर्तमानपत्रातील एका चौकटीने संपतो.

पतसंस्था आणि मंठ्याची बँक

वरील सारे बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना लागू. पतसंस्था बँक नाहीत. त्यांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली होते. कलम १०१ चा वसुली दाखला, कलम १५६ खालील वसुली अधिकारी आणि १९६१ च्या नियमांतील नियम १०७ असा तो मार्ग. अपसेट प्राइसला निबंधक कार्यालयाची मंजुरी लागते. लिलावाच्या जागीच १५ टक्के आणि बाकी रक्कम पंधरा दिवसांत भरावी लागते. महत्त्वाचा फरक पुढे आहे. विक्रीनंतर तीस दिवसांच्या आत घरमालकाने थकबाकी आणि खरेदी किमतीच्या पाच टक्के रक्कम भरली, तर ही विक्री रद्द होते. म्हणजे सर्फेसीत सूचनेबरोबर संपणारा हक्क येथे विक्रीनंतरही महिनाभर जिवंत राहतो. दोन्ही सूचना दिसायला सारख्याच असल्याने कोणत्या कायद्याखाली लिलाव आहे, हे सूचनेच्या पहिल्या ओळीत पाहावे लागते.

या सगळ्यात तिसरा पक्ष ठेवीदारांचा आहे आणि जालना जिल्ह्याला त्याचा अनुभव आहे. मंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये पैसे देण्याबाबत निर्बंध घातले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द केला. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे तेव्हा जाहीर झाले. ठेव विम्याची मर्यादा पाच लाख रुपयांची आहे. बँक अवसायनात निघाली म्हणजे कर्जे माफ झाली, असा समज कर्जदारांत पसरतो. तो चुकीचा आहे. अवसायक त्याच तारणांची विक्री करून वसुली करतो. त्यातून आधी विमा महामंडळाने दिलेली रक्कम परत करावी लागते आणि पाच लाखांवरील ठेवी असणाऱ्यांच्या आशा उरलेल्या पैशांवर असतात. एखादे घर कमी किमतीत गेले, तर तो तोटा कर्जदाराबरोबर अशा ठेवीदारालाही पोहोचतो.

कमी किमतीला आणखी एक बाजू आहे. कर्ज फिटून उरलेली रक्कम कर्जदाराला परत मिळाली पाहिजे, आणि रक्कम अपुरी पडली तर बाकी त्याच्याकडून वसूल होते. त्यामुळे आपले घर मातीमोल गेले, असे वाटणारा कर्जदार न्यायाधिकरणात जातो. मूल्यांकन जुने होते, तीस दिवसांची सूचना मिळाली नाही, मराठी वर्तमानपत्रात जाहिरात आली नाही, असे आक्षेप घेतो. यांतला एखादा खरा निघाला तर विक्री रद्द होऊ शकते. खरेदीदाराला पैसे परत मिळतात, पण मधल्या काळातील व्याजासाठी वेगळे भांडावे लागते. न्यायाधिकरणांची स्थितीही भरवशाची राहिलेली नाही. देशभरात अध्यक्षपदे रिक्त राहिल्यामुळे डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, ही प्रकरणे तूर्त उच्च न्यायालयांनी ऐकावीत, असे सांगावे लागले होते. किंमत जितकी कमी, तितके भांडण्याचे कारण मोठे. आकर्षक वाटणारी राखीव किंमत म्हणूनच दोनदा तपासली पाहिजे.

लहान गावात हे अधिक घडण्याचे एक सामाजिक कारण आहे. ओळखीच्या माणसाचे घर लिलावात घेणे आजही प्रशस्त मानले जात नाही. शेजारी बोली लावत नाही, भाऊबंद तर नाहीच. स्थानिक बोली नसली की पहिला लिलाव रिकामा जातो, राखीव किंमत खाली येते आणि बाहेरचा, घराचा पूर्वेतिहास ठाऊक नसलेला माणूस पुढे येतो.

माहिती मिळविण्याचे मार्ग आता पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहेत, हे मान्य केले पाहिजे. ताब्यात घेतलेल्या मालमत्तांची आणि कर्जदारांची यादी संकेतस्थळावर देऊन ती दरमहा अद्ययावत करावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दिला. सार्वजनिक बँकांच्या लिलावांसाठी केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने जानेवारी २०२५ मध्ये 'बँकनेट' हे नवे संकेतस्थळ सुरू केले. प्रारंभीच त्यावर सव्वा लाखाच्या आसपास मालमत्ता होत्या. जिल्हानिहाय शोध तेथे घेता येतो. मात्र मालकीचा शोध अहवाल तेथेही मिळत नाही. कलम १४ खालील अर्ज केला आहे काय, न्यायाधिकरणात काही प्रलंबित आहे काय आणि पूर्वी किती वेळा लिलाव रिकामा गेला, हे तीन प्रश्न लेखी विचारले तर प्राधिकृत अधिकाऱ्याला टाळाटाळ करणे अवघड जाते. फेरलिलावाची सूचना मात्र तीसऐवजी पंधरा दिवसांचीच असते, त्यामुळे असे पत्र सूचना छापून आली त्याच आठवड्यात शाखेत पोहोचावे लागते.